पालकांची सही

कर्णिकबाई मुलांना प्रगतिपुस्तक देत नाहीत. पालकांना देतात.

हे मला आधी कोणी सांगितलं असतं, तर मी माझ्या मुलीला, तन्वीला, सरळ दुसऱ्या शाळेत घातलं असतं. ठाण्यात अशा शाळांना तोटा नाही. गेटवर प्लास्टिकचा जिराफ असतो, आत एसी असतो आणि पालकांना फक्त फोटो काढण्यापुरतं आत घेतात. पण कोपरीत आमच्या बिल्डिंगपासून चार मिनिटांवर बाईंचा बालवर्ग होता, आणि त्या चार मिनिटांच्या मोहाला मी बळी पडलो. तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत वर्ग, मागच्या खोलीत बाई. दारावर पाटी नाही. बाहेर अठरा जोड इवल्याशा चपला दिसल्या की शाळा सुरू, नाही दिसल्या की सुट्टी.

बाई सत्तरीच्या आसपासच्या. अंगाने काटकुळ्या, पदर कमरेला खोचलेला आणि ब्लाउजच्या खांद्यावर कायम पाच-सहा सेफ्टी पिना लावलेल्या. पिना शोभेच्या नव्हत्या. बाईंना पालकांशी काही बोलायचं असलं, की त्या चिठ्ठी लिहीत आणि मुलाच्या छातीवर टाचून पाठवून देत. “मोबाईलवरचा निरोप तुम्ही लिफ्टमध्ये वाचता आणि लिफ्टमध्येच विसरता. चिठ्ठी काढायला मुलापुढे खाली बसावं लागतं,” असं त्यांचं म्हणणं. तन्वीच्या छातीवर आलेली पहिली चिठ्ठी मला अजून पाठ आहे. ‘डब्यात बिस्किटं आली. मला बिस्किटं फार आवडतात, मी खाल्ली. तन्वीला उद्यापासून पोळी द्यावी.’

दुसरी चिठ्ठी हस्तकलेबद्दल होती. कागदाची होडी करून आणायला सांगितलेली. मी रविवारची दुपार घालवून शिडाची, वल्ह्यांची, झेंडा लावलेली अशी होडी केली की खाडीत सोडली असती तर घोडबंदरला लागली असती. उत्तर आलं, ‘होडी सुबक आहे. पुढच्या वेळी बाबांनी मुलीची मदत घ्यावी. सुधारणेस वाव आहे.’

हा ‘वाव’ म्हणजे बाईंचा श्वासोच्छ्वास. भाजीवाल्याने कोथिंबिरीची जुडी पुढे केली की त्या ती फिरवून बघणार आणि म्हणणार, “वाव आहे.” रिक्षावाल्याने वळण जोरात घेतलं की उतरताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून, “बाळा, वाव आहे.” आमच्या गणेशोत्सवाच्या मंडळाने एकदा बाईंना पाहुण्या म्हणून बोलावलं. अध्यक्षांनी पाऊण तास भाषण ठोकलं आणि मग माईक बाईंच्या हातात दिला. बाई उभ्या राहिल्या, दोन शब्द म्हणाल्या आणि खाली बसल्या. कोणते दोन शब्द, ते सांगायला नकोच. टाळ्या मात्र त्यांनाच जास्त पडल्या.

आणि पालकसभा! दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आम्ही सगळे मुलांच्याच बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसायचो, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात एक एक वाटी यायची. वाटीत भिजवून मोड आणलेले कडवे वाल. बाई पडल्या सीकेपी, बिरड्यावर, म्हणजे सोललेल्या वालांच्या उसळीवर, त्यांची निष्ठा. “सोलत सोलत बोलू या,” म्हणायच्या. नियम एकच होता. एक जण बोलत असला की बाकीच्यांनी सोलायचं. आपल्याला बोलायचं असेल तर हातातला वाल पुरता सोलून खाली ठेवायचा आणि मगच तोंड उघडायचं. आता वाल नीट दाबला तर सालातून सुळकन बाहेर येतो, आणि नीट नाही दाबला तर समोरच्याच्या चष्म्यावर जाऊन बसतो. पहिल्याच सभेत जिमला जाणाऱ्या एका बाबांनी असा काही दाबला की तो पंख्याच्या पात्याला लागून त्यांच्याच चहात पडला. अठरा घरचं बिरडं फुकटात सोलून घ्यायची ही बाईंची युक्ती आहे, अशी आम्हा सर्वांची खात्री होती. व्हॉट्सअॅपवर आम्ही पालकांनी एक गुप्त गट काढलेला, त्याचं नावच मुळी ‘सोलकढी’ ठेवलेलं. त्यात बाई नव्हत्या.

हे सगळं हसण्यावारी चाललेलं असताना आमच्या घरात एक गोष्ट घडली, जिच्यावर हसू येईना. गणपतीच्या सुमारास तन्वी बोलताना अडखळायला लागली. चार वर्षांची पोर. वाक्याचा पहिलाच शब्द तिच्या ओठांवर अडकून बसायचा आणि ती त्याला ढकलत राहायची. आम्ही घाबरलो आणि घाबरलेली माणसं करतात तेच केलं, मदत केली. ती “प… प…” म्हणाली की मी विचारायचो, “पाणी?” बायको, स्नेहल, स्वयंपाकघरातून ओरडायची, “पेन्सिल?” आणि माझे वडील, अण्णा, पेपर खाली न ठेवता निकाल द्यायचे, “पोळी! पोळी पाहिजे तिला!” तन्वी तिघांकडे आळीपाळीने बघायची. बहुतेक वेळा तिला चौथंच काहीतरी हवं असायचं. मग ती मान हलवून जे मिळेल ते घ्यायची.

दिवाळीपर्यंत ती बोट दाखवून भागवायला लागली. जी पोरगी अंघोळ करताना साबणाशीसुद्धा गप्पा मारायची, ती गप्प बसायला लागली. हिचं बोलणं असंच आटून जाणार की काय, असं मी रात्री-बेरात्री स्नेहलला उठवून विचारायचो.

इथे आमच्या घराण्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. अण्णा तेहेतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होते. शेवटची बरीच वर्षं खोपटच्या डेपोत, माईकवर. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ हे त्यांचं जगाशी बोलायचं एकमेव वाक्य. माईकची त्यांना सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे तो उलट बोलत नाही. घरीही तेच. मी लहानपणी “अण्णा, मला शाळेत—” एवढं म्हणालो की पुढचं ते म्हणायचे. खाण तशी माती म्हणतात तसा मी मोठा होऊन ऐरोलीला एका कंपनीच्या कस्टमर केअरमध्ये लागलो. तिथे ग्राहकाचं वाक्य पूर्ण होऊ देणं हा गुन्हा आहे. तो “माझं नेट” म्हणाला की आम्ही “चालत नाहीये, बरोबर? मॉडेम बंद करून चालू करा” म्हणून मोकळे. सगळ्यात कमी वेळात फोन संपवल्याबद्दल मला दोनदा ढालही मिळालेली आहे. ती अजून टीव्हीशेजारी आहे.

तर दिवाळीच्या सुट्टीआधी प्रगतिपुस्तकं मिळाली. गुलाबी पुठ्ठा, बाईंनी हाताने आखलेले रकाने. आईला वेगळं, बाबांना वेगळं. माझं असं होतं. ‘निरोप घेणे – उत्तम. दारात रडत नाहीत. डबा – समाधानकारक. बिस्किटं थांबली. मोबाईल खाली ठेवणे – प्रयत्न दिसतो.’ इथपर्यंत मी खुशीत होतो. मग शेवटचा विषय. ‘वाट पाहणे – सुधारणेस खूपच वाव. तन्वीची वाक्यं बाबा पूर्ण करतात. त्यामुळे तन्वी वाक्यं सुरू करणं सोडत चालली आहे.’

खाली रेघ मारून लिहिलं होतं, ‘पालकांची सही’.

“पालक तर आम्हीच की बाई,” एका आईने विचारलं.

“तुम्ही विद्यार्थी,” बाई म्हणाल्या. “तुम्हाला ज्यांनी वाढवलं त्यांची सही आणायची. आई, वडील, आत्या, मावशी, जे कोण असतील ते. तुम्ही काय झाडाला लागला होता?”

‘सोलकढी’ गटावर हाहाकार उडाला. जिमवाल्या बाबांची आई सांगलीला होती, त्यांनी प्रगतिपुस्तक कुरिअर केलं. स्नेहलला ‘चांगली प्रगती’ मिळालेली. तिची आई विठ्ठलवाडीहून खास सही करायला आली, सही केली, आणि परत जाऊन आपल्या अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. पेढे कशाचे, असं शेजारणीने विचारल्यावर म्हणाली, “मुलगी बालवर्ग पास झाली.”

माझी मात्र पंचाईत झाली. ‘खूपच वाव’ घेऊन मी अण्णांसमोर कोणत्या तोंडाने जाऊ? ते मोठ्याने वाचणार. खिडकी उघडी असताना वाचणार. सगळ्या सोसायटीने कृपया लक्ष द्यावे, अशा आवाजात वाचणार. मी तीन दिवस विचार केला, आणि चौथ्या दिवशी, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, बाथरूममध्ये कडी लावून प्रगतिपुस्तकावर वडिलांची खोटी सही ठोकली.

आठवीत मी हे काम सफाईने करायचो आणि हात अजून विसरला नव्हता. अण्णांची सही म्हणजे शेंडी उडवलेला ‘ल’, मग एका झटक्यात ‘मोरे’, आणि खाली लांबच्या पल्ल्याच्या गाडीसारखी एक रेघ, शेवटी दोन ठिपके. झक्क जमली. मी बाहेर आलो तर स्नेहलने विचारलं, “एवढा का हसतोयस?” मी म्हणालो, “काही नाही, दाढी केली.”

सुट्टी संपली, शाळा उघडली, आणि दुसऱ्याच दिवशी तन्वी छातीवर चिठ्ठी घेऊन आली. मी खाली बसून ती काढली. ‘सही मिळाली. उद्या आपल्या पालकांना घेऊन शाळेत भेटावे.’

मला शपथेवर सांगा, हे वाक्य अडतिसाव्या वर्षी वाचून कोणाचे हातपाय गार पडणार नाहीत? आता अण्णांना सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी मान खाली घालून सगळं कबूल केलं. वाटलं, आता तोफ डागली जाणार. पण अण्णा पेपर बाजूला ठेवून एकदम उभेच राहिले.

“म्हणजे शाळेत जायचंय? मला बोलावलंय?”

“हो, पण अण्णा, मी खोटी—”

“किती वाजता? आधी सांगायला नको का रे! शर्टाला इस्त्री नाय.” मग थोडं थांबून म्हणाले, “तुझ्या शाळेत मी कधी गेलेलोच नाय, पश्या. दर वेळी ड्युटी लागलेली असायची.”

दुसऱ्या दिवशी आम्ही बापलेक बाईंसमोर दोन बुटक्या खुर्च्यांवर बसलो. अण्णा इस्त्रीच्या शर्टात, खिशाला पेन. बाईंनी पुढ्यात वालाचं ताट ठेवलं आणि शेजारी दोन रिकाम्या वाट्या. मग दोन कागद काढले. एक माझं प्रगतिपुस्तक. दुसरी शाळेची वही, जिच्यात दुपारी मुलाला न्यायला येणारा माणूस रोज सही करतो. तन्वीला न्यायला रोज अण्णाच जातात, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. चोर हुशार असतो, पण चोराला वही आठवत नाही.

अण्णांनी प्रगतिपुस्तक हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला. “ही माझीच सही आहे! बघा, रेघ बघा. काय सही होती माझी!”

“होती,” बाई म्हणाल्या, आणि वही माझ्यापुढे सरकवली. “तन्वीचे बाबा, हे बघा.”

रोजच्या रकान्यात ‘ल. मोरे’ एवढंच होतं. अक्षर बारीक, वेडंवाकडं, ‘ल’ ची शेंडी गळालेली. रेघ नाही. ठिपके नाहीत.

“अण्णांचा हात कापतो,” बाई म्हणाल्या. “रेघ ओढता येत नाही आता. जून महिन्यापासून मी रोज बघते आहे. तुम्ही एका घरात राहता ना?”

अण्णांनी कापरा हात दुसऱ्या हाताखाली दडवला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, “थंडीमुळे होतं ते.” बाहेर ऊन मरणाचं होतं. मला माझीच लाज वाटली, आणि ती खोट्या सहीची नव्हती.

“सोला,” बाई म्हणाल्या. आम्ही सोलायला लागलो.

मग तन्वीचा विषय निघाला. मी सांगायला सुरुवात केली. “बाई, ती आधी छान बोलायची, पण गणपतीनंतर—”

“गणपतीनंतर अडखळते,” अण्णा म्हणाले.

बाईंनी न सोललेला एक वाल उचलून अण्णांसमोरच्या रिकाम्या वाटीत टाकला. टिण्ण असा आवाज झाला.

“म्हणजे आम्ही तिला मदत करायला जातो, पण—”

“पण तिला ते आवडत नाय. माझं मत असं की सदर बाब—”

टिण्ण.

“अण्णा, मी बोलतोय ना!”

टिण्ण. हा माझ्या वाटीत.

“बाई, माझ्या वाटीत का? मी तर—”

“त्यांचं वाक्य तोडलंत.”

“पण त्यांनी माझं—”

टिण्ण.

पंधरा मिनिटांनी बाईंनी वाट्या मोजल्या. अण्णा अकरा, मी नऊ. अण्णांना वाटलं ते जिंकले. त्यांनी विजयाने माझ्याकडे पाहिलं.

“तन्वी चार वर्षांची आहे,” बाई म्हणाल्या. “तिला एका वाक्यासाठी जितका वेळ लागतो, तेवढ्यात तुमच्या घरात अकरा गाड्या सुटलेल्या असतात. तिने कुठे चढायचं?”

हे अण्णांना कळलं. एसटीच्या भाषेत सांगितलेलं सगळंच त्यांना कळतं. गाडी फलाटाला लागल्यावर म्हातारा प्रवासी चढेपर्यंत घंटी मारायची नसते, हे त्यांनी आयुष्यभर नव्या कंडक्टरांना शिकवलेलं.

मग बाईंनी योजना सांगितली. तन्वी बोलायला लागली की एक वाल घ्यायचा आणि सोलायचा. संपला की दुसरा. ती थांबेपर्यंत तोंड उघडायचं नाही. ‘सावकाश बोल’ म्हणायचं नाही, ‘श्वास घे’ म्हणायचं नाही, ‘शाब्बास’सुद्धा म्हणायचं नाही. तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचं नाही, पण दुसरीकडेही बघायचं नाही. “शाळेत हे मी करीन. घरी तुम्ही दोघं करा. आणि शाळेपासून घरापर्यंतचा रस्ता अण्णांचा. मधे कुठे गळती नको.”

“आणि डॉक्टर?” मी विचारलं. आधी हातातला वाल सोलून खाली ठेवला, हे नमूद करतो.

“डॉक्टरांकडे जायचंच. या आठवड्यात जा. पण डॉक्टरला आठवड्यातला अर्धा तास मिळणार. बाकीचा आठवडा आपला आहे. डॉक्टर काय सांगतात ते मला चिठ्ठीने कळवा. म्हणजे ते एक, मी दुसरं आणि तुम्ही तिसरंच, असं व्हायला नको.”

अशा रीतीने आमच्या घरात वालपर्व सुरू झालं. वाचेच्या डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग म्हणाल्या, “बाईंना सांगा, चालू ठेवा.” त्यांची चिठ्ठी मी स्वतःच्या खिशाला पिन लावून बाईंकडे नेली. स्नेहल सकाळी वाल भिजवायची, दुसऱ्या दिवशी फडक्यात बांधायची, तिसऱ्या दिवशी आम्ही सोलायचो. सोललेले वाल टाकून कसे द्यायचे? मग बिरडं. सोमवारी नारळाच्या दुधातलं, बुधवारी सुकं, शुक्रवारी वालाची खिचडी. रविवारी उरलेलं. घरातल्या हवेबद्दल मी लिहीत नाही, सुज्ञांस सांगणे न लगे. अण्णा तर प्लास्टिकच्या पिशवीत वाल घेऊन तन्वीला आणायला जायचे आणि चालता चालता सोलायचे. कोपरीच्या रस्त्यावर सालांची रेघ पाहून म्हातारा कुठपर्यंत पोचला ते कळायचं. रिक्षा स्टँडवर लोक विचारायचे, “अण्णा, काय खाताय?” तर अण्णा ओठांवर बोट ठेवायचे. डेपोत ज्या माणसाने कधी माईक सोडला नाही, तो भर रस्त्यात गप्प उभा राहिलेला लोकांनी पाहिला.

सोपं नव्हतं. तन्वी “ब… ब…” करायला लागली की माझ्या जिभेवर ‘बाहुली, बॅट, बाबा, बर्फी’ सगळे रांगेत उभे राहायचे. मी वाल चिरडायचो. अण्णांचं तोंड उघडायचं, मिटायचं, मिशी थरथरायची. एकदा तर त्यांना गॅलरीत जाऊन “पोळी!” असं ओरडून मोकळं व्हावं लागलं.

आणि जानेवारीतल्या एका बुधवारी, जेवताना, तन्वी आपणहून बोलायला लागली. “म… म… म…” आम्ही तिघांनी घास ठेवले आणि ताटाशेजारच्या वाटीत हात घातले. पहिला वाल. दुसरा. तिसरा. मध्येच ती थांबली, आमच्याकडे बघितलं, कोणी काही म्हणत नाही असं पाहून पुन्हा सुरू झाली. सहावा वाल. स्नेहलचे डोळे भरलेले. नवव्या वालाला वाक्य पूर्ण झालं.

“म-मला हे वाल रोज रोज नकोयत! मला ब-बटाट्याची भाजी पाहिजे!”

मग अण्णा उठले, टेबलावर हात आपटला आणि डेपोच्या आवाजात म्हणाले, “प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! बटाट्याची भाजी फलाट क्रमांक एकवर येत आहे!” आम्ही इतके हसलो की खालच्या मजल्यावरून विचारायला आले. हसता हसता मी रडत होतो आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

तन्वी अजून अडखळते. कधी जास्त, कधी कमी. पण आता ती बोट दाखवत नाही. साबणाशी पुन्हा गप्पा सुरू झाल्या आहेत, आणि साबण तिचं वाक्य तोडत नाही.

मार्चमध्ये दुसरं प्रगतिपुस्तक मिळालं. ‘वाट पाहणे – चांगली प्रगती.’ अण्णांनी पाच मिनिटं लावून त्यावर खरी सही केली, कापऱ्या हाताने. मी घाई केली नाही. शेवटी त्यांनी वाकडीतिकडी का होईना, खाली रेघसुद्धा ओढली. रविवारी सकाळी ते प्रगतिपुस्तक आणि बटाट्याच्या भाजीचा डबा घेऊन मी बाईंकडे गेलो.

दाराबाहेर चपला नव्हत्या. दार उघडंच होतं. वर्गाच्या खोलीतून मागच्या खोलीत डोकावलो, तर बाई जमिनीवर बसलेल्या. पुढ्यात वालाचं ताट, शेजारी छोटी वाटी आणि भिंतीला टेकवून ठेवलेला फोन. फोनचा स्पीकर चालू होता. मी हाक मारणार, तेवढ्यात फोनमधून आवाज आला. पुरुषाचा, माझ्याच वयाच्या माणसाचा.

“आ…”

मग काही नाही. बाई वाल सोलत होत्या.

“आ… आ…”

शब्द माझ्या जिभेवर तयार होता. दोनच अक्षरं. दारातल्या दारात म्हणून टाकावासा वाटत होता. बाईंनी वर न बघता माझ्या दिशेने एक बोट उचललं. मी गप्प उभा राहिलो. त्यांनी एक वाल सोलला, मग दुसरा, मग तिसरा. चेहऱ्यावर घाई नाही, काळजी नाही, काही नाही. फक्त कान फोनकडे.

“आई,” आवाज म्हणाला. “जे… जे…”

“जेवले रे,” बाई म्हणाल्या, आणि त्यांचा हात थांबला. ओठ घट्ट मिटले. न सोललेला एक वाल उचलून त्यांनी हळूच छोट्या वाटीत टाकला.

टिण्ण.

फोनमधला आवाज हसला. हसताना तो अजिबात अडखळत नव्हता. “ए… एक झाला, आई,” तो म्हणाला.

पुढची दहा मिनिटं मी वर्गात जाऊन भिंतीवरचं जिराफाचं चित्र बघत बसलो. फोन संपल्यावर बाईंनी हाक मारली. मी आत आलो. विचारायचं बरंच होतं. त्यांच्यासमोर बसलो, मूठभर वाल पुढ्यात ओढले आणि सोलायला लागलो. सात-आठ वाल झाल्यावर बाई बोलल्या.

“माझा मुलगा. नाशिकला असतो. तो लहान असताना मी मोठ्या शाळेत शिकवत होते. माझ्या वर्गात पन्नास मुलं, घरी वह्यांचा ढीग. त्याचं वाक्य पूर्ण व्हायला मला वेळ नव्हता. मीच पूर्ण करायचे. माझी वाक्यं त्याच्यापेक्षा चांगली असायची.” एक वाल. “सहावीत गेल्यावर त्याने माझ्याशी बोलणं सोडलं. भांडण नाही, काही नाही. काही हवं असलं की चिठ्ठी लिहून स्वयंपाकघरात ठेवायचा. मोठा झाल्यावर मेसेज. पंचवीस-तीस वर्षं मी त्याचा आवाज सणावारीच ऐकला. दोन वर्षं झाली, दर रविवारी फोन करतो. लहानपणी त्याला बिरडं आवडायचं. आता एकटीला कितीसं लागतं? पण सोलते.”

त्यांनी उशाखालून एक गुलाबी पुठ्ठा काढला. कडा मऊ झालेल्या. वर बाईंचंच नाव. विषय एकच, वाट पाहणे. खाली तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे एक आकडा. सतरा. चौदा. पंधरा. नऊ. शेवटच्या ओळीत त्यांनी माझ्यासमोरच लिहिलं, एक.

पालकांच्या सहीचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता.

“माझी आई कधीच गेली, वडील त्याआधी,” बाई म्हणाल्या. “यावर सही कोणाची आणायची?”

मी खिशातलं पेन काढलं. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “खोटी करणार?”

“नाही बाई,” मी म्हणालो. “माझीच करतो.”

केली. गुडघ्यावरच पुठ्ठा ठेवून. बाईंनी पुठ्ठा लांब धरून बघितला, मग चष्मा काढून पदराने बराच वेळ पुसला. मी वाल सोलत राहिलो.

“सही वाकडी आली आहे, तन्वीचे बाबा,” बाई म्हणाल्या. “वाव आहे.”